कापूस गेला आणि आवाज फाटला

अकोला, १२ मार्च २००६

प्रिय रहीम,

काल बाळापूरचा देवमन इथे बाजारात भेटला. तू महिनाअखेर बाळापूरचं दुकान बंद करून पोराकडे सुरतेला चाललास म्हणे. मला एका शब्दानं कळवलं नाहीस! रागावलो खरा, पण कोणत्या तोंडानं रागावू? दुकान सोडू नकोस एवढंच सांगायला बसलो आहे, पण त्याआधी थोडं जुनं बोलू दे.

तुझ्या दुकानात मी गाण्यांचा डेक घ्यायला आलो होतो ते आठवतं? बाळापुरातलं स्लॅबचं नवं घर, गुळगुळीत फरशी, आणि डोक्यात एकच भूत, वॅट. आकडा जितका मोठा तितका आवाज गोड, अशी माझी अक्कल. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस मी! तू कपाळावर हात मारलास. "अबे मास्तर, आकडा काय ऐकतं? पैले स्पीकर पाय, मंग खोली पाय. आवाज स्पीकरातून निघते, पण कानात येते खोलीतून." मी ते हसण्यावारी नेलं. तू मात्र एकच गाणं स्पीकरच्या चार जोड्यांवर लावलंस, मला डोळे मिटून ऐकायला लावलंस, आणि सगळ्यांत साध्या दिसणाऱ्या पेट्या हातात दिल्यास.

घरी लावल्या आणि काय सांगू, तबल्यावरचं बोट न् बोट मोजून घ्यावं! त्या साली भाव पडलेला, म्हणून आम्ही शेतातला कापूस विकलाच नव्हता. बैठकीत पार छतापर्यंत गंजी. आमची सौ., रमा, तिलाच टेकून ऐकायची. शेजारच्या इंदूबाई कामं टाकून खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. संक्रांतीनंतर कापूस गेला आणि त्याच संध्याकाळी आवाज फाटला. गाणं कुठलं, भांड्यांच्या दुकानात माकड शिरल्यासारखा नुसता कल्ला! दुसऱ्या दिवशी पेट्या उचलून तुझ्या दुकानात आणल्या आणि तुझ्यावर तोंड सोडलं.

तू दुकानाला कुलूप लावलंस. पेट्या घेऊन तसाच माझ्यासोबत घरी आलास. रिकाम्या बैठकीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवलीस, आणि ती भिंतीभिंतींतून घुमत राहिली. तुला हसू आवरेना. "मास्तर, मशीन ठणठणीत हाय. तुहा कापूस गेला!" तेव्हा कुठे मला उमगलं, घुमणारा आवाज इतके दिवस ती गंजीच पीत होती. मग रमाकडून गोधड्या मागून घेतल्यास, समोरच्या भिंतीवर टांगल्यास. मी हौसेनं कोनाड्यांत बसवलेल्या पेट्या बाहेर काढून भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवल्यास, माझ्या खुर्चीकडे किंचित वळवून. महागाची वायर आणू का, असं विचारलं तर म्हणालास, वायर राहू दे, सतरंजी आण. एक स्क्रूसुद्धा न बदलता तू तो आवाज परत आणलास, रहीम. असल्या कानाचा माणूस मी उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही. अमरावतीच्या मोठमोठ्या दुकानांत हिंडलो, तिथे सगळे वॅट सांगतात, खोली कोणी विचारत नाही. बदली होऊन अकोल्याला आलो तेव्हा भाड्याच्या घरात शिरताच मी आधी टाळी वाजवली. घरमालकाला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं.

आता खरं ते लिहितो. त्या दिवशी तुझ्याकडे येण्याआधी मी चंद्रभानच्या चहाच्या टपरीवर थांबलो होतो. चारचौघांत म्हणालो, रहीमनं डुप्लिकेट माल मारला माह्या गळ्यात. मास्तराचा शब्द, गावानं खरा धरला. तिथूनच तुझी गिऱ्हाइकं आटत गेली, हे मला दिसत होतं. तुझ्यापुढे चूक कबूल केली, टपरीवर मात्र नाही. शरम वाटली. दोन वर्षं गिळून बसलो आणि तुझ्याच पेट्यांवर मजेत गाणी ऐकत राहिलो. आज सकाळी बाळापूरला गेलो. त्याच टपरीवर, तितक्याच मोठ्यानं सांगितलं, की रहीमचा माल सोन्यासारखा होता, खोट माझ्या जिभेत होती. चंद्रभाननं रॉकेलचा स्टोव्ह बंद करून ऐकलं. तिथून तुझं दुकान पन्नास पावलं, पण पाय उचलला नाही, म्हणून हे पत्र. दुकान ठेव, हात जोडतो. आणि जायचंच ठरलं असेल तर जा बाबा, पण खोट्या मालाचा माणूस म्हणून जाऊ नकोस. खोटा मी होतो.

तुझाच, माफी मागायला उशीर केलेला,
उद्धव