कोपऱ्यावरची पाणपोई

नाशिक,
१२ जानेवारी २०२५

चि. गोविंदास,
अ. उ. आ.

सदुसष्टाव्या वर्षीही मी तुला चिरंजीव लिहिते म्हणून वल्लरी हसते. हसू दे. फोनवर आपण भाऊबहीण दोन मिनिटांत हमरीतुमरीवर येतो, त्यापेक्षा पत्रच बरं. द्राक्षांची पेटी पोचली. ह्यांची साखर बघता मोजून चार मणी दिले, तर संध्याकाळपर्यंत रुसून बसले होते.

अर्धांगाच्या झटक्याला आता दोन वर्षं होतील. ती बॅटरीवरची चाकाची खुर्ची घेतली आणि हे पुन्हा माणसांत आले. रोज सकाळी एकटे वाचनालयात जातात, चार वर्तमानपत्रं चाळतात आणि गड जिंकल्यासारखे परत येतात. मी मात्र ते येईपर्यंत गॅलरीत उभी.

आता मुद्द्याचं. आपल्या गल्लीने अर्ज करकरून अखेर फुटपाथ मंजूर करून घेतला. दारापुढचे गाड्यांचे उतार, कुंड्या, जाळ्या ज्याच्या त्याने काढायच्या असं ठरलं. मी माझी जास्वंद काढली, आणि खरं सांगते, रडू आलं. आता राहिली ती कोपऱ्यावरची आल्हादच्या नावाची पाणपोई. इंजिनिअर म्हणतो, ती फुटपाथची सगळी रुंदी अडवते. ह्यांना तिथे खुर्ची रस्त्यावर उतरवावी लागते आणि वीसेक पावलं गाड्यांमधून जावं लागतं. पाणपोई बागेच्या भिंतीला लागून हलवता येईल म्हणे. पण तुझ्या लेकाची आठवण आहे. तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. रागावू नकोस.

तिळगूळ वेगळा पाठवते. तो खा आणि त्याला जागून उत्तर लिही.

तुझी,
अनसूयाताई


निफाड,
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पाणपोई हलणार नाही.

आल्हाद सायकलवरून गेला तो त्याच जागी. तिथेच मी उन्हात उभा राहून कट्टा बांधून घेतला आणि रांजण स्वतःच्या हातांनी बसवला. अठरा वर्षं एकही अक्षय्य तृतीया चुकवली नाही. बागेच्या भिंतीपाशी त्याचं काय आहे? तिथे पाणी ओतून ते त्याला पोचेल असं तुला वाटतं का?

गल्लीतल्या लोकांना आज फुटपाथ सुचला. तेव्हा कुठे होते सगळे? महापालिकेकडे हरकत घे. तू तिथली रहिवासी, तुझ्या सहीला वजन आहे. कॉलेजसाठी मी त्याला तुझ्या भरवशावर ठेवला होता. त्यानंतर तुझ्याकडे एवढी एकच गोष्ट सोपवली आहे. तीही सांभाळणं होत नसेल तर तसं स्पष्ट कळव.

भाऊजींना म्हणावं, जरा सांभाळून जात जा. वल्लरीस आशीर्वाद.

तुझा भाऊ,
गोविंद


नाशिक,
६ एप्रिल २०२५

ती. गोविंदमामास,
शि. सा. न.

आईला न सांगता लिहिते आहे. तिने मला शपथ घातली होती, ती मोडते.

तुमचं जानेवारीतलं पत्र आलं आणि आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या सहीने महापालिकेत हरकत नोंदवली. मी भांडले. बाबांनी मलाच गप्प केलं. म्हणाले, की गोविंदाचा मुलगा गेला, माझे तर नुसते हातपाय गेलेत, तेव्हा आपण वीस पावलांसाठी वाद घालू नये.

मार्चमध्ये फुटपाथ झाला. छान झाला आहे. संध्याकाळी लहान मुलं त्यावर तीनचाकी सायकली फिरवतात, पलीकडच्या आजी काठी टेकत देवळात जाऊन येतात. फक्त कोपऱ्यावर तो तुटला आहे. पाणपोईच्या अलीकडे संपतो, पलीकडे पुन्हा सुरू होतो.

अठ्ठावीस तारखेला सकाळी बाबा तिथेच रस्त्यावर उतरले. मागून टेम्पो हॉर्न वाजवत आला. बाबांनी घाईने खुर्ची कडेला घेतली आणि चाक गटारात गेलं. डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. पुन्हा खुर्चीत बसता येईल की नाही, हे डॉक्टर दोन महिन्यांनी सांगणार आहेत. आईने तुम्हाला फोनवर थोडं खरचटलंय असं सांगितलं, ते हे. दवाखान्यात ती बाबांच्या उशाशी बसून एकच घोकते, की आल्हादला मी सांभाळू शकले नाही, निदान त्याची पाणपोई तरी राहू दे.

मामा, मी दादाला विसरलेले नाही. त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत जायचे. पण तुम्ही आईला गेलेला भाचा आणि जिवंत नवरा यांच्यातून एक निवडायला लावलंत. हा उद्धटपणा वाटला तर दोन शिव्या द्या, पण लिहिलेलं मी मागे घेणार नाही.

तुमची,
वल्लरी


निफाड,
१० एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वल्लरीने मला सगळं कळवलं. तिला एका शब्दाने बोलू नकोस. तिने लिहिलं नसतं तर मी तृतीयेला हार घेऊन आलो असतो आणि भाऊजींना वर आणखी शहाणपण शिकवलं असतं.

काल सकाळच्या एसटीने नाशिकला येऊन गेलो. घरी आलो नाही, तोंड नव्हतं. पाणपोईपाशी तासभर उभा होतो. एक बाई बाबागाडी घेऊन तिथवर आली, थबकली आणि रस्त्यावर उतरली. पाणी प्यायला कोणी आलं नाही. मग शाळेची एक मुलगी सायकलवरून आली. कोपऱ्यावरचा कट्टा चुकवायला ती गाड्यांमध्ये घुसली तसा मी ओरडलो, की कडेने जा. तिने मागे वळून विचारलं, की आजोबा, कडेला जागा कुठे आहे.

ताई, मी त्या कट्ट्यावर बसून रडलो. तुमच्या गल्लीतल्या नवनाथांच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा त्यांची वाळू त्याच कोपऱ्यावर पडलेली होती. आल्हाद तो ढीग चुकवायला मध्ये गेला आणि मागून ट्रक आला. नवनाथ माझ्या पाया पडायला आले, तर मी त्यांना दारातून हाकललं. तुलाही त्यांच्याकडे हळदीकुंकवाला पाय ठेवू दिला नाही. आणि मग त्याच जागी मी दगड-सिमेंटचा ढीग रचला, वर माझ्या मुलाचं नाव घातलं. त्यांची वाळू पंधरा दिवसांत उचलली गेली होती. माझा ढीग अठरा वर्षं तिथे आहे.

सोबत सही करून अर्ज पाठवतो आहे. पाणपोई पाडावी. बागेपाशी नळ बसवायचा असेल तर बसवावा, त्यावर नाव नको. तुझ्या भरवशाचं ते वाक्य मी तुला लागावं म्हणूनच लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक. पोराला तू काय कमी जपलंस? त्याचा डबा भरून तू दारात उभी होतीस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

शनिवारी येतो. आधी भाऊजींपाशी बसेन. मग नवनाथांकडे जाईन. त्यांनी मला दारातून हाकललं तर पायरीवर बसून राहीन. मला घेऊन जायला कोणाला पाठवू नकोस.

लोभ कसा मागू? उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा,
गोविंद