बोटीचा कान

२ मार्च
हंगाम सुरू. घरात आणि गावात बोलायच्या लायकीचं कोणी उरलेलं नाही, म्हणून आजपासून वहीत लिहिणार. रोज.

मी देरामान. या किनाऱ्यावरचा शेवटचा जुरु सेलाम. बाकीचे मेले, नाहीतर माशांचे केरोपोक पापड तळत बसलेत. बोटीचं इंजिन बंद करायचं, खलाशांनी तोंडं बंद करायची. मी पाण्यात उतरून डोकं बुडवणार, ढोमा माशांचा थवा कुठे कुरकुरतोय ते ऐकणार आणि हात वर करणार. मग जाळं. त्या गढूळ पाण्यात माणसाच्या डोळ्यांना स्वतःची ढोपरं दिसत नाहीत. कान मैलभर जातो. माझा तर जातोच.

गेली दोन वर्षं माझा हात एकदाही फुकट वर गेलेला नाही. एकदाही! वय वाढलं तसा कान तिखट होत गेला.

संकल्प: यंदा जागाही मीच ठरवणार. आतापर्यंत तांडेल ठरवायचा. तांडेल म्हणजे माझा मेव्हणा रिपिन. त्याला काय डोंबल कळतंय?

५ मार्च
बायकोनं, जोयाहनं, पुटपुटत बोलायचं धोरण चालूच ठेवलंय. काय म्हणालीस विचारलं की पुन्हा पुटपुटते, वर डोळे वटारते. टीव्ही कंपनीनंही आवाज कमी केलाय. मी वाढवला तर जोयाह म्हणते, की शेजारच्या मूनाहच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलंय. तो कोंबड्यांचा प्रश्न.

मशिदीचा भोंगा बिघडलाय. पहाटेची बांग ऐकूच येत नाही. समितीत जाऊन सगळ्यांना खडसावलं. सगळे माना खाली घालून बसले. लाज वाटली असणार.

९ मार्च, दुपार
मोठी बातमी! घरी चटईवर पडल्या पडल्या मासे ऐकू आले. डाव्या कानात अखंड कुर्र. आधी वाटलं रातकिडे. पण भर दुपारी रातकिडे? पंखा बंद केला, जोयाहला गप्प बसवलं (ती गप्पच होती). आवाज तसाच. समुद्र तिकडे, मी इकडे, मध्ये नारळीची अख्खी बाग. हे माझ्या आजोबांनाही जमलं नव्हतं.

कॉफीच्या टपरीवर जाऊन सांगितलं. टपरीवाला चे मात म्हणाला, की पाक सू (काका म्हणून गाव मला हीच हाक मारतं), एकदा दवाखान्यात दाखवा. जळतात लेकाचे.

१२ मार्च
रिपिनला सांगितलं, यंदा जागा माझी. त्याचा चेहरा पडला. कानाशी येऊन ओरडला, की अबांग (म्हणजे दादा), चाललंय ते बरं चाललंय, तसंच चालू द्या ना. म्हटलं, तांडेलकी जाते म्हणून पोटात दुखतंय का?

१५ मार्च
समोरच्या बेटाच्या दक्षिणेला बोट थांबवली. डोकं बुडवलं. बापरे! एवढा थवा जन्मात ऐकला नव्हता. चहूबाजूंनी कुर्र. हात वर.

जाळ्यात जेलीफिश आणि एक फाटकी चप्पल.

कारण: आमचा खलाशी सुदिन शिंकला. शिंकेनं ढोमा पळतो. सुदिन पोराबाळांच्या शपथा घेऊन म्हणतो, की मी शिंकलोच नाही. मला ऐकू आली ना! खोटारडा.

१९ मार्च
रिकामं. कारण: पाणी गार.

२३ मार्च
रिकामं. कारण: रिपिनचं तोंड. तसलं तोंड बघून कुठला मासा येणार?

सुदिन म्हणाला, की पाक सू, घरी चाचीला जेलीफिशचं कालवण येतं का? सगळे हसले. दोन पोरांचा बाप झाला तरी अक्कल नाही. खलाशांच्या घरी गेला आठवडाभर भात आणि खारवलेल्या माशांच्या बुडूवरच भागवताहेत म्हणे. त्याला मी काय करू? शिंकू नका.

२७ मार्च
रिपिननं केबिनमध्ये मासे दाखवणारं यंत्र लावलं. उघड उघड, माझ्या नाकासमोर! पडद्यावर लालपिवळे ठिपके. यंत्र तरी कसलं? कळकट, मिठानं खाल्लेलं, बटणांवरचे आकडे पुसलेले. भंगारवाल्यानं गळ्यात मारलं असणार.

म्हटलं, लाव पैज. मी हरलो तर उद्यापासून किनाऱ्यावर म्हाताऱ्यांत बसून फाटकी जाळी शिवीन. ते हरलं तर ते समुद्रात. रिपिन हात जोडायला लागला, की अबांग, पैज कशाला. घाबरला.

३० मार्च
पैज.

आधी माझी पाळी. पाण्यात डोकं घातलं आणि कान भरून गेला. हजारो मासे! हात वर करणार तेवढ्यात कोणीतरी केस धरले, मग सदरा, आणि मला खेचून बोटीत आपटलं. सुदिन! ऐन थव्यातून ओढून काढलं. त्याच्या एक कानफटात ठेवून दिली. तो नुसता मागे बोट दाखवत होता. मागे वळून बघतो तर मी होतो तिथून एक मोठा ट्रॉलर पाणी कापत गेलेला. मुद्दाम गुपचूप आला असणार.

मग यंत्रानं दाखवलेल्या जागी जाळं टाकलं. सगळ्यांनी मिळून ओढलं तरी वर येईना, इतकं भरलेलं.

निकाल: अनिर्णित. माझी पाळी पूर्ण झालीच नव्हती.

३१ मार्च
जोयाहनं अंगणात माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बोंबलून सांगितलं. अख्ख्या वाडीनं ऐकलं.

म्हणाली, की यंत्र नवं नाही. दोन वर्षं बोटीवर आहे, गोणपाटाखाली झाकलेलं. रिपिन त्यात बघायचा, मासे दिसतील तिथंच इंजिन बंद करायचा आणि मग तुम्ही हात वर करायचात. सुदिनला ठाऊक, चे मातला ठाऊक, इमामांना ठाऊक. त्या ट्रॉलरचा भोंगा किनाऱ्यावर ऐकू आला आणि तुम्हाला डोक्यावर ऐकू आला नाही. मेला असतात काल, मेला असतात! असं म्हणत रडायला लागली.

मी विचारलं, गप्प बसायला सगळ्यांना सांगितलं कोणी? तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

खोटारडी बाई. खोटारडा भाऊ. खोटारडं गाव. जेवलो नाही.

२ एप्रिल
जाळी शिवायला गेलो नाही. कुठंच गेलो नाही. कुर्र चालूच आहे. उशीत डोकं खुपसलं तरी चालू. उशीत मासे नसतात, एवढं मलाही कळतं.

४ एप्रिल
सकाळी रिपिन आला. वल्हं मारल्यासारखे हात करून खुणेनंच चला म्हणाला. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो तसाच उंबऱ्यात उभा. जाणार नव्हतो. गेलो.

इंजिन बंद. सगळे गप्प. सुदिननं माझ्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. त्यालाही शिव्या घातल्या. पाण्यात उतरलो, डोकं बुडवलं. कुर्र. बाहेर होती तेवढीच.

डोकं वर काढून रिपिनकडे पाहिलं. त्यानं केबिनमध्ये वाकून यंत्रात बघितलं आणि हळूच होकाराची मान डोलावली. मी हात वर केला.

जाळं भरून आलं. सगळे हसत माझ्या पाठीवर थापा मारत काहीतरी म्हणाले. काय म्हणाले, ते ऐकू आलं नाही.