तबला लावायला वेळ लागतो

३ ऑगस्ट
आजपासून रियाज सीरियसली. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर सुरुची गाणार, तबल्याला मी. इंजिनिअरिंग अर्धवट का सोडलं ते आईला तेव्हा कळेल. आणि सुरुचीलाही बरंच काही कळेल.
कोजागिरीला मी घाबरून स्टेजवरून पळालो, असं लोकांनी पसरवलंय. शनिवार पेठेला दुसरे उद्योग नाहीत. पोट बिघडलं होतं. ते दूध कोणी आटवलं ते बघा आधी.

९ ऑगस्ट
रियाज नाही. दमट हवेत तबला उतरतो. दुपारभर हातोडीने ठोकून सुरात लावत बसलो. माझे तबल्याचे गुरू दत्तोबा सर म्हणाले, लावून झाला असेल तर वाजवा, का तसाच नातवाला देणार? गुरूंचं नाव लिहिलं म्हणून कानाला हात लावला. मग मनात शिवी दिली.

१७ ऑगस्ट
सुरुचीकडे तालीम. तिथे केयूर. खराडीत आयटीतली नोकरी. रविवारीसुद्धा गळ्यात आयकार्ड, शी. त्याच्या फोनमध्ये तबल्याचं ॲप आहे. ताल निवडा, वाजत बसतं. सुरुची म्हणाली, तुझं लावून होईपर्यंत मी यावर गाते. मी ऐकवलं, यंत्रात जीव नसतो. केयूर म्हणाला, म्हणूनच ते घाबरत नाही.
उठून आलो.

२४ ऑगस्ट
आरशासमोर पूर्ण वाजवलं. अजिबात भीती नाही. मग बाबा दारात येऊन उभे राहिले. तबला उतरला.

३० ऑगस्ट, दुपार
संध्याकाळी कार्यक्रम. प्लॅन पक्का. डोळे मिटून वाजवायचं, टाळ्या झाल्या की गच्चीवर सुरुचीला सांगून टाकायचं.

३१ ऑगस्ट
घाणेरडं पब्लिक. पहिल्या रांगेत ललिताकाकू वेफर्स खातायत, कचाकचा. मी हातोडीने तबला लावायला घेतला. सुरुचीने विचारलं, झालं का. परत विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, गणपती बसले रे, आता कसली मूर्ती घडवतोयस? सगळे खिदळले. माझी बोटं लाकूड झाली. रागाने.
सुरुचीने सरळ गायला सुरुवात केली. समेवर आली आणि तबला वाजला. एकदम स्वच्छ. खाली बघितलं तर माझे हात मांडीवर. मिक्सरपाशी केयूर, फोनला वायर लावून.
उठून जाणार होतो. पण सगळे माझ्याकडे बघत होते. हात तबल्यावर नेले आणि न टेकवता हलवत राहिलो. शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. नारळ मिळाला, घेतला. दत्तोबा सर म्हणाले, आज लय कुठे सुटली नाही हो तुमची.
गच्चीला कुलूप होतं.

२ सप्टेंबर
सुरुची स्वतःहून घरी आली. मी आत जाऊन शर्ट बदलून आलो. म्हणाली, केयूरच्या कंपनीत गाणं आहे माझं. तबलेवाला बसलेला असला की स्टेज भरल्यासारखं दिसतं. येशील? फक्त हातोडी घरी ठेव.
खराडीचा मोठा हॉल, सगळे अनोळखी असणार. आणि पोटात गोळासुद्धा आला नाही. हो म्हणालो.
भीती गेली एकदाची. रियाजाचं फळ.