मिकेलबाबाची वही

सोमवार, ९ जानेवारी १९६१

पावणे गावाहून चालत आलो. टाचा फुटल्यात. पीकपाहणी अर्धी राहिलीय, आणि कचेरीतून नवीन लचांड — माझ्या तलाठी सजात राहणाऱ्या परदेशी पाद्र्याच्या वर्तणुकीचा अहवाल, ताबडतोब! हा फादर मिकेल. स्पेन देशचा, वय एकतीस. दिवाळीपासून सुलेमानशेठच्या गोदामात दवाखाना चालवतो. मी त्याला एकदाच पाहिलाय, तोही लांबून, सायकलवर जाताना. कारकुनाने कुठल्याशा जुन्या अहवालाचा नमुना दिला. तोच उतरवला, नाव तेवढं बदललं. ‘औषधाच्या निमित्ताने धर्मप्रसार. हालचाली संशयास्पद.’ खाली सही ठोकली. तलाठ्याच्या मागचं एक काम संपलं.

शुक्रवार, २० जानेवारी

बायकोच्या, मालतीच्या खोकल्यातून रक्त पडलं. शेजारची शेवंताबाई मिठागरात कामाला जाते, पाद्र्याची भाकरीही तीच करते. म्हणाली, "आमच्या मिकेलबाबाला बोलवा. सुई टोचतं, पन दुखत नाय." कुठल्या तोंडाने बोलवू? शेवटी तीच जाऊन घेऊन आली.

क्षय आहे. रोज एक सुई, साठ दिवस. तो म्हणाला, रोज येईन.

गुरुवार, २ फेब्रुवारी

सुयांचं काही घेत नाही. त्याऐवजी मराठी शिकवा म्हणतो, दर गुरुवारी. त्याची मराठी म्हणजे शेवंताबाईचीच — "मना भूक लागली हाय!" मालती तोंडाला पदर लावून हसली. महिन्यात पहिल्यांदा! मीही मास्तरकीचा आव आणला. रोज चार ओळी लिहा, मनात येईल ते. पानाखाली रेघ मारा, तपासून मी सही करीन.

चांगला पोरगा आहे. आणि मी त्याच्याबद्दल काय लिहून बसलोय!

मंगळवार, ७ फेब्रुवारी

तो अहवाल कुणी वाचणारही नाही. कचेरीत असले कागद कुजतात.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

अहवाल वाचला कुणीतरी!

शिकवणीला बसल्यावर त्याने खिशातून नोटीस काढली. "सरकारी मराठी. तलाठीभाऊ, तुमी वाचा." ‘सजाच्या तलाठ्याच्या अहवालावरून आपला राहण्याचा परवाना रद्द का करू नये, याचा लेखी खुलासा २ मार्चपर्यंत करावा.’ माझीच करणी, माझ्याच हातात. मालती आतून ऐकत होती. म्हटलं, "विशेष काही नाही. पत्ता तोच आहे का, विचारतात. मी कळवतो."

त्याने नोटीस घडी करून परत खिशात ठेवली. मग म्हणाला, "बरा. मंग काळजी नाय." वही पुढे ठेवली. म्हटलं, आज नको, डोकं दुखतंय.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

नामर्द. दुसरा शब्द नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

दुसरा अहवाल लिहायला बसलो — पहिला न बघता, नमुन्यावरून लिहिला होता, असं कबूल करणारा. चार ओळी झाल्या आणि फाडला. खोटा अहवाल दिला म्हणून निलंबन ठरलेलं. मग हिला खायला काय घालू? आणि नाही लिहिला तर तो जाणार, मग सुया कोण देणार? इकडे आड, तिकडे विहीर. काल वही तशीच राहिली. थकलोय, फार थकलोय.

गुरुवार, २ मार्च. होळी

मुदत आज संपली. तो आला, सुई दिली, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. मालतीच्या गालांवर जरा मांस आलंय, ते बघून माझ्यापेक्षा त्यालाच आनंद! वही माझ्यापुढे सरकवली. "आज तरी बगा." म्हटलं, सण आहे, पुढच्या गुरुवारी नक्की.

ठरवलंय. कचेरीतल्या रावसाहेबांपुढे उभं राहून खरं सांगायचं. नोकरी गेली तर गेली! उद्या धुळवड. परवा शनिवार, अर्धा दिवस, रावसाहेब भेटायचे नाहीत. सोमवारी सकाळच्या होडीनेच जातो.

शनिवार, ४ मार्च

मिकेलबाबा गेला.

सकाळी उधाणाच्या भरतीने मिठागराच्या बांधाला खांड पडली. आख्खा गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावला. तोही धावला. दुपारी खांड बुजली. तो बांधावरच बसला, शेवंताबाईकडे पाणी मागितलं, तांब्या हातात घेतला आणि कलंडला. एकतीस वर्षांचा! डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. सुलेमानशेठने डोळे मिटवले. शेवंताबाईचं एकच चाललं होतं — "चिखल हाय वो त्याच्या अंगाला. धुवा आदी. त्याची आई बगंल तर काय बोलंल?"

मालती भिंतीकडे तोंड करून पडलीय. मला रडू आलं, पण कुणासमोर रडायचा मला काय हक्क?

सोमवार, ६ मार्च

काल खाडीपलीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं त्याला. आमच्या बाजूने अकरा होड्या गेल्या. मिठागर बंद होतं.

आज कचेरीत गेलो. ठरल्याप्रमाणे, सोमवारी! मृत्यूची वर्दी द्यायला. रावसाहेब म्हणाले, "चला, म्हणजे प्रकरण आपोआप निकाली निघालं." फाइलला फीत बांधली. मी "होय साहेब" म्हणालो. तेवढंच म्हणालो.

गुरुवार, ९ मार्च

शेवंताबाईने वही आणून दिली. "शिकवनीची हाय. तुमचीच."

१५ फेब्रुवारीचं पान — ‘सुलेमानशेठनी नोटीस समजवली. तलाठीभाऊनी लिवलंय. उद्या त्यालाच वाचाला देतो. तो सांगंल.’

१६ फेब्रुवारी — ‘नाय सांगलं. घाबरलाय. मी खुलासा दिला तर त्याची नोकरी जाईल. घरान बायको आजारी हाय. मी खुलासा देत नाय. तलाठीभाऊ, हे वाचाल तवा बोला माज्याशी. मना राग नाय.’

तिथून पुढे प्रत्येक पानाखाली रेघ मारलीय. माझ्या सहीची जागा.