तेरवीच्या पत्रिकेवरची वेलबुट्टी

गुरुवार, फुलसावंगी. आत्ताच दुकान बंद करून आलो.

आज डोकं फिरलं. सुदामकाका बायकोच्या तेरवीची पत्रिका छापायले आले. मी साधा, सरळ फॉन्ट लावून दाखवला. तर म्हणे, "हा नाही. तो येलबुट्टीवाला लाव." अरे, तो लग्नाचा फॉन्ट! तेरवीच्या पत्रिकेवर वेलबुट्टी कोण लावते? तासभर समजावलं. ऐकतील तर शप्पथ.

शेवटी चिडलोच. "काका, लोक हासतील. काहून हट्ट करून राह्यले?"

त्यांनी पिशवीतून पोरीच्या लग्नाची पत्रिका काढली. मीच छापलेली, कोपऱ्याची हळदही तशीच.

"तुह्या काकूचं नाव जन्मात एकदाच छापून आलं, बापू. वाचता येत नव्हतं तिले, पण या येलबुट्टीवरून आपलं नाव बरोबर ओळखे. दुसऱ्या अक्षरात तिले ते कसं सापडन?"

आता राग काढू कोणावर? तो फॉन्ट मागच्या वर्षी मीच काढून टाकला, गावठी दिसते म्हणून. जुना कॉम्प्युटरही भंगारात देला. चार दुकानदारांना फोन केले, कोणाकडेच नाही. कायले एवढी अक्कल पाजळली मी?

मग लग्नाच्या पत्रिकेवरचं काकूचं नाव तेवढं स्कॅन केलं. मोठं करून पाहिलं. बाकी सगळ्यांच्या नावांचा सोनेरी रंग जसाच्या तसा, अन् काकूच्या वेलबुट्टीवरचा पार उडालेला. बोट फिरवून फिरवून.

रंग भरायले माउस धरला होता. नाही भरला.