हजेरी शंभर टक्के

१ फेब्रुवारी, सकाळी ५.१०
निवृत्तीचा पहिला दिवस. सवयीने उठलो, दाढी केली, बूट चढवले, दारापर्यंत गेलो. मग आठवलं. ही अंथरुणातूनच म्हणाली की उठलाच आहात तर दूध तापवा. दूध उतू गेलं. कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं हजेरी घेतली, तिथे कधी काही उतू गेलं नाही.

काल निरोप समारंभात मॅनेजर मला कारखान्याचं घड्याळ म्हणाले आणि भेटही घड्याळाचीच दिली. भिंतीवर लावलंय. चार मिनिटं मागे पडतं. दुरुस्त करीन.

संकल्प: रोज चालणे. चहा दोनच. दुसऱ्याच्या कामात लुडबुड बंद.

३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंकडे. माझं वजन ८४, हिचं ७१. साखर दोघांचीही काठावर. तीन महिन्यांत चार-चार किलो उतरवा, नाहीतर गोळ्या, असं म्हणाल्या. मी हिला सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे. ही हसली. टेन्शनमध्ये माणूस हसतो.

४ फेब्रुवारी
हिने चालायचे बूट आणले. दोन जोड, एकाच रंगाचे. म्हटलं, एका घरात एकसारखे बूट, अदलाबदल होईल. तर म्हणाली की तुमचा नंबर नऊ आणि माझा पाच, कशी होईल? तरी मी माझ्या जोडावर पेनने खूण केली.

५ फेब्रुवारी
मैदानावर गेलो. एक फेरी पूर्ण केली. (जवळजवळ.) गुडघा बोलायला लागला म्हणून गेटजवळच्या बाकावर बसलो आणि निरीक्षण केलं.

सकाळचा सात जणांचा ग्रुप आहे. भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, दातांच्या डॉक्टर, जाडे वकील, एक पोस्टातले, बाकीचे किरकोळ. ही त्यांच्यात लगेच मिसळली. पण शिस्त नावाला नाही! कोणी सहाला येतो, कोणी सव्वासहाला. वकील अर्धी फेरी मारून बाकीची फेरी बोलून पूर्ण करतात. गुणी माणसं आहेत, पण वरती कोणी नाही. मला बघवेना.

८ फेब्रुवारी
मस्टर आणलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी कडा. नावं, वेळ, फेऱ्या, शेरा असे कॉलम आखले. उद्यापासून सहा वाजता गेटवर सही. सहा वाजून पाच मिनिटांनंतर लाल शेरा. तीन लाल शेरे म्हणजे अर्धा दिवस गैरहजर. ही लुडबुड नाही, समाजसेवा आहे.

९ फेब्रुवारी
सगळ्यांनी हसत हसत सह्या केल्या. याला म्हणतात प्रतिसाद. मास्तर म्हणाले की पस्तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, आता स्वतःची द्यायला मजा वाटते. मजा हा शब्द मला आवडला नाही.

मी चाललो नाही. बाक सोडला तर सह्या कोण घेणार?

१६ फेब्रुवारी
एक आठवडा. दातांच्या डॉक्टर दोनदा लेट. कारण सांगतात, पेशंटचा फोन. मी म्हटलं, दात कुठे पळून जात नाहीत. वकिलांनी फेऱ्यांच्या कॉलममध्ये सहा लिहिल्या, मी मोजल्या अडीच. खोडून अडीच केल्या. हाडाचे वकील, वाद घातलाच.

हिलाही आज लाल शेरा दिला. सहा सात झाले होते. घरून आम्ही दोघं एकत्रच निघालो होतो, पण वाटेत ती बुटाची नाडी बांधायला थांबली, मी थांबलो नाही. नियम सगळ्यांना सारखा. दुपारी ती ताट घेऊन बाल्कनीत जेवायला बसली. लागलं असेल मनाला. सुधारेल.

२४ फेब्रुवारी
हिचा तिसरा लाल शेरा. अर्धा दिवस कापला. संध्याकाळी म्हणाली की गुडघा दुखतोय, उद्यापासून मैदानावर येणार नाही, घरीच काहीतरी करीन. मी समजावलं की गुडघा ही मानसिक गोष्ट आहे. (माझा सोडून.)

१ मार्च
गुडघ्याची साथ आलेली दिसते. पोस्टातले: गुडघा. मास्तर: गुडघा. दातांच्या डॉक्टर: आईचा गुडघा. वकिलांनी तारीख आहे म्हणून सांगितलं. रविवारी कुठलं कोर्ट चालू असतं, विचारायला हवं होतं.

हजर तीन. ग्रुपवर रीतसर मेमो टाकला: गैरहजेरीचे लेखी कारण द्यावे.

३ मार्च
फोनच्या ग्रुपमधून सहा जण बाहेर पडले. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

७ मार्च
मुलीचा फोन. म्हणाली की बाबा, तुम्ही चालता ना रोज? मी म्हटलं, एक दिवस चुकलेला नाही. हे खरं आहे. मस्टर साक्षीला आहे.

चहा: पाच. मैदानावर बसून थंडी लागते.

१५ मार्च
हिच्या बुटांना तांबडी माती. विचारलं तर कुंड्यांची म्हणाली. आमच्या बाल्कनीत दीड कुंडी आहे, पण बाईमाणूस बागकामात रमलं तर बरंच. आताशा ती पहाटे साडेपाचलाच भाजी आणायला निघते. ताजी मिळते म्हणे. पिशवी मात्र रिकामीच परत येते. भाजीवाल्याने फारच भाव वाढवले असणार.

रंग छान उजळलाय तिचा. बागकामाचा परिणाम.

३१ मार्च
महिन्याचा गोषवारा. एकूण हजेरी: मी, एकतीसपैकी एकतीस. इतर: पहिल्या आठवड्यानंतर निरंक. आदर्श उपस्थितीचं प्रमाणपत्र तयार करून स्वतःला दिलं. सही माझीच होती, पण नियमात बसतं.

वजन बघितलं नाही. काटा बिघडलेला आहे.

२१ एप्रिल
शेवटची संधी म्हणून मास्तरांना नोटीस द्यायला त्यांच्या घरी गेलो. सकाळी सव्वासहा. सूनबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, बाबा कालव्याच्या रस्त्याला गेलेत, रोजच जातात. आणि मग, अगदी सहज, की काकूच नेतात ना सगळ्यांना, तुमच्याच!

कालव्यावर गेलो. रस्त्याला तांबडी माती. पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. (लपलो नाही. उभा राहिलो.)

सगळे होते. सात जण आणि ही. एकाचाही गुडघा दुखत नव्हता. ही सगळ्यांच्या पुढे, उलटी चालत काहीतरी सांगत होती आणि बाकीचे हसत होते. मग जाडे वकील एका दगडावर बसले. मांडीवर नसलेली वही उघडली, नसलेल्या चष्म्यावरून मनगटाकडे बघितलं आणि मानेला एक झटका दिला. सगळे पोट धरून हसले. कोणाची नक्कल ते मला लगेच कळलं नाही. ते मानेच्या झटक्यावरून कळलं. असा झटका मी देतो, असं ही नेहमी म्हणते.

सर्वात जास्त हीच हसत होती. डोळे पुसत होती. इतकी हसताना मी तिला शेवटचं कधी बघितलं, ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

२२ एप्रिल
मैदानावर गेलो नाही. हिने कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता.

२६ एप्रिल
गेलो नाही. मस्टरमध्ये स्वतःला लाल शेरा दिला.

३ मे
डॉक्टरीणबाईंकडे. हिचं वजन ६६. शाबासकी मिळाली. माझं ८६. मी म्हटलं, काटा तपासून घ्या. त्या स्वतः उभ्या राहिल्या, काटा बरोबर होता. रोज चालता का, असं विचारलं. मी पिशवीतून मस्टर काढून पुढे ठेवलं. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं की हजेरी दिसतेय, पण तुमच्या फेऱ्यांचा कॉलम कोरा कसा? मी सांगितलं, मी सुपरवायझरी ड्यूटीवर होतो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

बसमध्ये शेजारी बसलो. मीच म्हटलं, कालव्यावर बघितलं मी. मला वाटलं आता ही माफी मागेल. तर म्हणाली की चौतीस वर्षं हा माणूस गेटवरून कधी सुटेल याची वाट बघितली. सुटला, आणि दुसऱ्या आठवड्यात नवं गेट शोधून तिथे जाऊन बसला. मग विचारलं की एकसारखे बूट तिने कशाला आणले होते? तिला माझ्याबरोबर चालायचं होतं, माझ्यासमोरून नाही.

फार वाईट वाटलं. स्टॉप चुकला. दोन स्टॉप परत चालत आलो, मध्ये तीनदा थांबून. ती प्रत्येक वेळी थांबली.

रात्री विचारलं, उद्या येऊ का? म्हणाली की या. पण हात रिकामे.

४ मे, सकाळी ७.३०
घरातल्या घड्याळावर विसंबलो, ते मागे. कालव्यावर पोचायला सहा दहा. ही नाडी बांधायला थांबली होती, मीही थांबलो होतो, त्यात ते आणखी. कोणी मनगटाकडे बघितलं नाही. वकील जरा ओशाळले, मग म्हणाले की चला. मास्तरांनी सरकून जागा करून दिली.

पहिल्या पुलापर्यंत पोचलो. तिथे दम लागला आणि वकील बसले होते त्याच दगडावर बसलो. बाकीचे पुढे गेले. ही परत आली आणि शेजारी बसली. आम्ही पाण्याकडे बघत बसलो. किती मिनिटं, माहीत नाही.

आज मी तिथे गेलो होतो, याची कुठेही नोंद नाही. म्हणून इथे करून ठेवतो.

उशिरा. अर्धी फेरी. हजर.