नितेशचं अर्धं राह्यलेलं काम

तीर्थरूप मनकर्णामावशीले अकोटहून हर्षाचा पाया पडून नमस्कार.

मावशी, तुहे गुडघे कसे हायेत? आमी इकडं खुशाल हाओत असं लिहा लागते म्हून लिवलं, पन रातभर माह्या डोयाले डोया नाही लागला. माहं पोट्टं उघड्या वायरीले हात लावन या भेवानं बोर्डासमोर बसून होती. (फोनवर तुले आयकू येत नाही, म्हून हिवरखेडच्या येष्टीत ओयखीच्या बाईजवय पत्र देऊन रायली.)

झालं असं, आपला नितेश माह्या घरची जुनी वायरिंग काढून नवी कराले आलता. तुले तं मालूमच हाये, त्यानं अमरावतीचं इंजिनेरिंग दुसऱ्या वर्षाले सोडलं अन आयटीआय करून वायरमन झाला. तवा आईपेक्षा मीच जास्त रडली होती. अन नंदेच्या सासरी मी आजलोक सांगत आली का माहा भाऊ इंजिनेर हाये. (सोयऱ्याईत बोला लागते मावशी.) तं काम चालू असताना नंदेचे सासू-सासरे अकोल्याहून टपकले. नितेश स्टुलावर, तोंडात टेस्टर, केसाईत चुना. नंदेचा सासरा, मोतीरामजी, इचारते, "हा पोट्टा कोन?" अन माह्या तोंडातून निंगालं, "वायरमन हाये." भाऊ नाही म्हनलं मी, मावशी. नुसतं वायरमन. जीभ झडून काहून नाही पडली माही!

त्यानं टेस्टर काढला, म्हने, "हो काकाजी, वायरमनच हाओ." स्टुलावरून उतरला, बॅग उचलली, मले म्हने, "येतो बाईसाहेब," अन चपला हातात घेऊनच निंगाला. मोतीरामजी माह्यावरच तापले. म्हने, "रोकलं काहून नाही त्याले? अकोल्यात इंजिनेर गल्लोगल्ली पडले हायेत. कूलरच्या दिवसात वायरमन पाया पडलं तरी येत नाही. नंबर द्या त्याचा!" भुई फाटली असती तं मी आत गेली असती, पन भुईवर साऱ्या नितेशच्या वायरी पसरल्या होत्या.

तवापासून बोर्ड उघडा. हॉलचं बटन दाबलं का देवघरातला लाइट लागते, सासू म्हनते देव पावला. वायरी पोट्ट्याच्या उंचीवर लोंबून रायल्या. चिकटपट्टी लावली, तं त्यानं काढून तोंडात घातली. गव्हाची कोठी आडवी सरकवली, तं कोठीवर चढाले शिकलं. (चालाले अजून शिकलं नाही, चढाले शिकलं.) मेन बंद केला तं कूलर बंद, अन या उन्हात पोट्टं रडूरडू निळं पडते. दोन मिस्त्री आनले, दोघायनंही बोर्ड पाह्यला अन हात मागं घेतले. म्हने, "बाई, दुसऱ्याच्या अर्ध्या कामाले आमी हात नाही लावत. आधी त्याले इचारा." अन तो माहा फोन उचलत नाही! तुहा शब्द तो खाली पडू देत नाही. तूच त्याले सांगजो मावशी, हर्षासाठी नको येऊ, भाच्यासाठी ये म्हना.

तुही,
हर्षा

ता.क. पत्र लिवलं अन पोट्ट्याले डोज द्याले दवाखान्यात घेऊन गेली. वापस येऊन पाहते तं बोर्ड बंद, सारे बटनं जाग्यावर. मी घरी नाही हे पाहून नितेश येऊन गेला. सासूनं लय म्हनलं जेवून जा, तं पानीही नाही पेला. म्हने, "वायरमन लोक गिऱ्हाइकाच्या घरी जेवत नसते, आजी."

ता.क. दुसरं. मावशीले जे कोनी हे वाचून दाखवून रायले, त्याईले इनंती. मावशी आता रडन, तिच्या भरोशावर राहू नका. नितेशचा नंबर पाकिटावर लिवला हाये. तुमच्या फोनवरून लावजा, माहा नंबर दिसला का तो कापते. माह्या वतीनं त्याले काय बोला लागते ते मले सुचत नाही. तुमाले वाचता येते, तं बोलताही येत असन. आताच लावजा.